आवळीखालची पंगत

(पुण्यातील एका कुटुंब-स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'कुटुंबसंस्थेपुढील आव्हाने'. मी तीस वर्षांहून अधिक काळ वृत्तपत्रात काढला आहे आणि 'आव्हान' हा शब्द आम्ही मंडळींनी अग्रलेखांतून इतका झिजवला आहे की, तो उच्चारताना माझी मलाच लाज वाटते. तेव्हा संयोजकांची क्षमा मागून मी आज आपल्याला एका जेवणाविषयी सांगणार आहे. वर्षातून एकदा, कार्तिक महिन्यात, सांगलीजवळच्या हरिपूरला एका आवळीच्या झाडाखाली आमच्या घराण्याचे जे जेवण होत असे, त्याविषयी.

आमच्या मुंबईच्या भावंडांच्या तोंडी त्याला 'पिकनिक' हा शब्द होता. आजीला तो खपत नसे. "पिकनिक तुमची शाळेची. हे आवळीभोजन," असे ती बजावत असे. आपणापैकी अनेकांच्या घरी ही प्रथा असेल. कार्तिक शुद्ध नवमी म्हणजे कूष्मांड नवमी. तेव्हापासून पौर्णिमेपर्यंत केव्हातरी आवळीची पूजा करायची, झाडाला सूत गुंडाळायचे, कोहळ्याचे दान द्यायचे आणि त्याच झाडाच्या सावलीत चार माणसांना घेऊन जेवायचे. त्यामागे धर्मशास्त्र काय, आरोग्यशास्त्र काय, यावर अधिकारवाणीने बोलणारे बरेच आहेत. मी त्यांच्यातला नव्हे. मला एवढेच ठाऊक आहे की, पावसाळ्याचा चिखल सरलेला असतो, उन्हात बसवते, ऊस उभा असतो आणि आवळे हाताला येऊ लागलेले असतात. घराबाहेर जेवायला याहून बरा आठवडा आमच्या भागात तरी नाही.

नवमी ते पौर्णिमा या सात तिथींत सहसा एक रविवार सापडतोच. परंतु तो कोणत्या तिथीला येतो, यावर आमच्या घरात दरवर्षी दिवाळीच्या फराळाबरोबर वाद रंगत असे. कारण वांगी. चातुर्मासात आमच्याकडे कांदा, लसूण आणि वांगी बंद. प्रबोधिनी एकादशी झाली की ती पुन्हा सुरू. आता कृष्णाकाठच्या वांग्यांची कीर्ती मी पुण्यात काय सांगावी! रविवार एकादशीनंतर आला तर भरीत. आधी, नवमी-दशमीला आला तर भरिताविना जेवण, आणि मुंबईहून आलेल्यांचे चेहरे उतरलेले. खरी पंचाईत व्हायची ती रविवारी नेमकी एकादशी आली की. त्या दिवशी जेवणच नाही. अशा वर्षी आजीचा निर्णय ठरलेला असे : "द्वादशीला, सोमवारी. ज्यांना यायचे त्यांनी रजा काढावी." आणि आश्चर्य म्हणजे, रजा मिळत असे. बँकेतले काढत, शाळेतले काढत, माझे वडील सरकारी खात्यात होते, तेही काढत. रजेच्या अर्जात कारण काय लिहीत, ते मी कधी विचारले नाही.

आदल्या दिवसापासून आमचे गावभागातले घर भरू लागे. रात्रीच्या गाडीने मुंबई-पुण्याचे येत, बेळगावहून आत्या येत असे, सोलापूरचे मावसकाका कधी येत कधी नाही. माडीवर सतरंज्या पसरून आम्ही पंधरा-सोळा मुले ओळीने झोपत असू. झोपत असू, असे म्हणायचे एवढेच. पहाटे साडेतीन-चारला खालून पितळी भांड्यांचा आवाज सुरू होई. तो आवाज म्हणजे आमच्या दृष्टीने सहलीचा आरंभ होता. तो आवाज कोण करीत होते, हा प्रश्न मला दहाव्या वर्षापर्यंत पडला नाही. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

सामान, म्हातारी माणसे आणि लहान मुले बैलगाडीत, बाकीचे पायी. सांगलीहून हरिपूरची वाट म्हणजे दोन्ही बाजूंना चिंचेची जुनी झाडे. चालत तासाभराचा रस्ता. आधी संगमावर जायचे. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि त्या ठिकाणी संगमेश्वराचे देऊळ आहे. दर्शन झाले की आजोबा, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, घाटावर उभे राहून न चुकता सांगत की, गोविंद बल्लाळ देवल या हरिपूरचे. 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले आणि जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध महाराष्ट्र जागा झाला, इत्यादी. हे व्याख्यान आम्हाला पाठ होते. एका वर्षी आजी त्यांच्या मागून शांतपणे म्हणाली, "आमच्या घरापर्यंत यायला मात्र शारदेला फार वर्षे लागली." तिच्या मोठ्या बहिणीला दुसरेपणावर दिले होते, हे मला पुढे आईकडून कळले. अण्णा काही बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षी व्याख्यान निम्म्याने आखडले, एवढे खरे.

संगमावरून मागे फिरून शेताकडे जाताना वाटेत हळदीची पेवे लागत. ज्यांनी ती पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. हरिपूरची जमीन अशी चिवट की, तिच्यात वीस-पंचवीस फूट खोल, आतून ऐसपैस आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा खणला तरी तो ढासळत नसे. त्यात हळद भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर आतली हवा जीवघेणी असते. ते बराच वेळ उघडे ठेवल्याखेरीज कोणी आत उतरत नसे. "पेवाजवळ गेलात तर तंगड्या मोडीन," हे थोरल्या काकांचे वाक्य आवळीभोजनाच्या विधीचाच एक भाग होते.

आणि मग शेत. आमची जमीन थोडी, नदीच्या अंगाला. एका बाजूला हळद उभी, पुरुषभर उंचीची, पाने नुकती पिवळी पडू लागलेली. बांधाच्या कडेला आवळी. झाड तसे देखणे नव्हते. एका अंगाला कललेले, खोडाची साल सुटलेली. परंतु त्याची सावली जाळीदार होती आणि वारा आला की बारीक पाने भुरभुर खाली येत. आजी म्हणे, ज्याच्या पत्रावळीवर आवळीचे पान पडले, त्याचे वर्ष चांगले जाते. आम्ही मुले पत्रावळ घेऊन पानांखाली सरकत असू. पाने इतकी पडत की कोणाचेच वर्ष वाईट जाऊ नये. भातातून ती वेचून काढावी लागत.

तीन दगडांच्या चुली मांडल्या जात. मसालेभात, ज्वारीची भाकरी, लोणी, शेंगदाण्याची चटणी, आवळ्याची चटणी, कढी, आणि मोठ्या पातेल्यात गूळ घातलेली गव्हाची खीर, जिला आमच्याकडे हुग्गी म्हणतात. आणि तिथी अनुकूल असेल तर भरीत. वांगी निखाऱ्यात भाजत, फडक्यांत धरून सोलत. जेवणानंतर आवळा चावून वर नदीचे पाणी प्यायचे. ते गोड लागे. तो चमत्कार आम्ही दरवर्षी नव्याने करून पाहत असू.

इथपर्यंत आपण सर्वजण मनातल्या मनात आपापल्या गावी जाऊन आला असाल. स्मरणरंजन हा आपल्या पिढीचा आवडता उद्योग आहे. पण त्या झाडाखाली आणखी काय होते, तेही सांगितले पाहिजे.

पहिल्या पंगतीला पुरुष आणि मुले बसत. साडेबारा-एकला. आग्रह होत, श्लोक होत, जिलब्यांच्या पैजा नव्हत्या तरी हुग्गीच्या होत. ती पंगत उठायला दोन-अडीच वाजत. मग पुरुष हळदीच्या कडेला सतरंजीवर आडवे होत आणि बायका जेवायला बसत. तीन वाजता. पहाटे साडेतीनला उठलेल्या. भाकरी गार, भरीत असलेच तर तळाचे. वाटेकऱ्याचे कुटुंब, ज्याने वर्षभर ते झाड राखले, गुरांपासून सांभाळले, तीन दगड आणून ठेवले, लाकडे फोडली, त्याच्यासाठी अन्न बांधून दिले जाई. ते आपल्या खोपीत नेऊन खात. हे सर्व आम्ही पाहत होतो आणि आम्हाला काही दिसत नव्हते.

१९७९ साली, मी दहा वर्षांचा असताना, पहिली पंगत मांडली जात होती. बेळगावची आत्या पदराने हात पुसत आली आणि पहिल्या पत्रावळीवर येऊन बसली. ती शाळेत शिक्षिका होती, आवाज तसाच होता. म्हणाली, "वहिनी, तुम्ही तिघी इकडे या. मुलांनो, वहिनींच्या शेजारी बसा. यंदा वाढायला भाऊ उभे राहतील." कोणी हसले नाही. थोरले काका अण्णांकडे पाहू लागले. अण्णा क्षणभर थांबले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. झाले. थोरल्या काकांनी भाताचे पातेले घेतले, बाबांनी मीठ-लिंबू-चटणी, धाकट्या काकांनी भाकरी. धाकट्या काकांना भाकरी मोडून वाढायची की सबंध, तेही ठाऊक नव्हते. माझ्या आईने त्या दिवशी गरम भरीत खाल्ले. "हे असे लागते होय," असे ती म्हणाली, ते माझ्या अजून कानात आहे.

वाटेकऱ्याच्या बायकोला आत्याने हाका मारून बोलावले. ती आली नाही. "आम्ही मागनं खातो, ताई." त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी ती पंगतीच्या शेवटाला, थोडे अंतर सोडून बसली आणि आपल्या घरची भाकरी घेऊन आली. त्या भाकरीचा तुकडा आजीने मागून घेतला. एका दिवसात सगळे बदलले, असे मी भाषणाच्या सोयीसाठी सांगू शकलो असतो. तसे झाले नाही.

मात्र वाढण्याची कामे त्या वर्षी जी ज्याच्या हाती पडली, ती कायमची त्याची झाली. पंगती दोन, दोन्हींत बायका-पुरुष मिसळून. एक पंगत जेवते तेव्हा दुसरी वाढते. भात थोरल्या काकांचा.

अण्णा १९८५ साली गेले. त्यानंतर दोन वर्षांनी थोरल्या काकांनी नदीकाठची जमीन विकण्याचा विषय काढला. वीटभट्टीसाठी मागणी आली होती आणि त्यांच्या मुलीचे लग्न ठरत होते. बाबांनी सही द्यायला नकार दिला. वडिलोपार्जित जमीन, आवळी, आईच्या डोळ्यांदेखत, वगैरे. त्यावर काका जे बोलले ते मी माडीच्या जिन्यात उभा राहून ऐकले : "वर्षातून एकदा जेवायला येणाऱ्याने मला जमिनीची माया शिकवू नये." प्रकरण न्यायालयात गेले. आवळीभोजन थांबले.

मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि बाबांच्या बाजूचा होतो. आज मला काकांचे म्हणणे अधिक पटते. पाणीपट्टी त्यांनी भरली, खताची उधारी त्यांनी फेडली, दरवर्षी पुराचे पाणी शिरले की बांध त्यांनी घातले. आमच्या वाट्याला सावली आली होती. आम्ही जिला संस्कृती म्हणत होतो तिचा खर्च कोणीतरी एकटा भागवत होता. ज्यांच्या घरी असे एखादे झाड, एखादा वाडा, एखादा कुलाचार आहे आणि तो सांभाळायला एकच भाऊ गावी राहिला आहे, त्यांनी त्या भावाला एकदा हिशेब विचारावा. उलट अर्थाने विचारावा, की तुझे आमच्याकडे किती निघते.

आठ वर्षे झाडाखाली कोणी बसले नाही. आजी १९९४च्या भाद्रपदात गेली. तिच्या दिवसांना दोघे भाऊ एकाच घरात तेरा दिवस होते आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. निरोप भटजींमार्फत जात. पुढच्या वर्षी वर्षश्राद्ध उरकले आणि दिवाळीत, ज्या दिवाळीत सूर्यग्रहण आले होते त्या १९९५च्या दिवाळीत, सर्वांना मोठ्या काकूचे पोस्टकार्ड आले. काकू म्हणजे थोरल्या काकांची पत्नी. मजकूर दोन ओळींचा. रविवारची तारीख, आणि 'पत्रावळी आहेत, येताना ताटे आणू नयेत.' तिने नवऱ्याला विचारले होते की नाही, हे आजतागायत कोणाला माहीत नाही.

बाबा जातील असे आईलाही वाटले नव्हते. ते गेले. आम्ही सगळे गेलो. माणसे कमी होती, आवाज कमी होता. हळद उभी होती. बाबांना तोपर्यंत मधुमेह जडला होता, उपाशी राहणे चालत नसे, म्हणून आत्याने त्यांना पहिल्या पंगतीत बसवले. मीठ-लिंबू-चटणी बाबांच्या ऐवजी मी वाढली. आणि मागून भाताचे पातेले घेऊन थोरले काका निघाले. तो भात दुसऱ्या कोणीही वाढू शकला असता. पण गेल्या सोळा वर्षांत भात त्यांचाच होता, आणि वाढप्याला पंगतीतले एक पान ओलांडून पुढे जाता येत नाही. काका एकेका पानाशी वाकत, विचारत, वाढत येत होते. बाबांच्या पानाशी आले. पंगत गप्प झाली होती. मी लिंबाची वाटी हातात धरून दोन पाने पुढे उभा होतो.

काका म्हणाले, "वाढू?"

बाबा पानाकडे पाहत म्हणाले, "अर्धा डाव."

काकांनी पूर्ण डाव वाढला आणि ते पुढच्या पानाकडे गेले. बाबांनी तो सगळा भात खाल्ला. डॉक्टरांनी भात वर्ज्य सांगितला होता.

त्या दिवशी याहून अधिक काही झाले नाही. मिठी नाही, अश्रू नाहीत. दावा त्यानंतर सहा वर्षे चालला. २००१ साली तडजोड झाली. जमिनीचा मोठा भाग विकला गेला, विकायलाच हवा होता, आणि आवळीभोवतीचे चार गुंठे सामाईक राहिले. पण १९९५नंतर आवळीभोजन चुकले नाही आणि दरवर्षी 'वाढू?' आणि 'अर्धा डाव' हे दोन उद्गार तेवढे होत राहिले. पुढे पुढे त्यांत हवापाण्याची भर पडली. तब्येतीची चौकशी सुरू व्हायला १९९९ उजाडले.

२००३ साली मी गेलो नाही. अंकाचे काही महत्त्वाचे काम होते. कोणते, ते मला आता कितीही आठवले तरी आठवत नाही. बाबा माघात गेले.

२००५च्या महापुरात आवळी कित्येक दिवस पाण्यात उभी होती. पाणी ओसरले तेव्हा झाड उभेच होते, पण दसऱ्यापर्यंत वाळले. त्याच पुरात हरिपूरच्या पेवांतही पाणी शिरले. मोठी हानी झाली, कितीतरी पेवे कायमची गेली. पुढल्या पावसाळ्यात धाकट्या काकांनी कलमी रोप आणून थोडे वर, चढाच्या बाजूला लावले. जातीचे नाव 'कृष्णा'. नदीचे नाव म्हणून त्यांनी तीच निवडली. फळ मोठे, तजेलदार, जुन्या आवळीच्या तिप्पट. मोठ्या काकूने पहिला आवळा चावला, वर पाणी प्यायली आणि म्हणाली, "गोड लागते. पण तेवढे नाही." २०१९ साली आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हाही हे झाड तगले. ते आता वाटेकऱ्याचा मुलगा पाहतो. त्याने स्वतःची जमीन घेतली आहे. आमचे चार गुंठे तो निव्वळ ओळखीखातर राखतो आणि पंगतीत पहिल्या पानावर बसतो.

मध्यंतरी आमच्या भाचे-पुतण्यांनी एक सूचना मांडली. आता एवढी खटपट कोण करणार, आचारी आणि वाढपी बोलवावेत, सगळ्यांना निवांत गप्पा मारता येतील. सूचना वाईट नव्हती. चुलीच्या धुरात कोणाची हाडे झिजावीत असे मलाही वाटत नाही, आणि बायकांच्या कष्टांवर उभी असलेली परंपरा मी पाहिली आहे. तेव्हा आचारी आला. स्वयंपाक तोच करतो, आणि हुग्गी आमच्यापेक्षा बरी करतो. वाढप्यांना मात्र आम्ही नाही म्हटले. ते आमचे आम्ही वाढतो. कारण विचारले तेव्हा मी ही १९९५ची हकीकत सांगितली. मुलांपैकी कोणालाही ती ठाऊक नव्हती. त्यांच्या आई-वडिलांनी सांगितली नव्हती आणि मीही त्या दिवसापर्यंत सांगितली नव्हती.

२०२४ साली रविवार नवमीला आला, त्यामुळे भरीत नव्हते. वाद झालाच. बंगळुरूच्या पुतण्याने, आता वांगी बारा महिने मिळतात, हा मुद्दा मांडून पाहिला. तो मोठ्या काकूपुढे टिकला नाही. आणि २०२५ साली रविवारी नेमकी कार्तिकी एकादशी आली. काकूने फोनवरून एवढेच कळवले : "द्वादशीला, सोमवारी." मला वाटले होते, सात-आठ माणसे जमतील. एकतीस आली. बंगळुरूचा पुतण्याही आला. थोरले काका आता हयात नाहीत. भाताचे पातेले त्यांच्या मुलाने उचलले. मीठ-लिंबू-चटणी माझ्याकडे आहे. बंगळुरूचा पुतण्या बराच वेळ हात बांधून उभा होता. मग पाण्याचा जग उचलून माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात विचारू लागला, "काका, सुरुवात कोणाच्या पानापासून करायची?"